आठ वर्षांच्या पुतण्याला दम धरवत नाही : हा स्वभाव, की सोसलेल्याचा परिणाम?

विट्याची काकू

नमस्कार. आम्ही सांगली जिल्ह्यात विट्याजवळच्या एका गावात राहतो. या भागातील पुष्कळ घरांप्रमाणे माझे धाकटे दीरही सोन्या-चांदीच्या गलाईसाठी, म्हणजे ते गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी, परराज्यात गेले होते. तिथे धंदा बुडाला, दारू वाढली, घरात रोजची मारहाण सुरू झाली, त्यातच माझ्या जावेचे आजारपण लांबले आणि ती गेली. त्यांचा मुलगा गेल्या दिवाळीपासून आमच्याकडे आहे. तो आता आठ वर्षांचा असून तिसरीत शिकतो. आमच्याकडे येण्यापूर्वीच्या चार वर्षांत त्याने तीन गावे आणि तितकीच भाड्याची घरे पाहिली आहेत.

मुलगा हुशार आहे, माया लावणारा आहे, पण त्याला कशाचाच दम धरवत नाही. जेवण वाढायला दोन मिनिटे लागली तरी तो रडून गोंधळ घालतो. खेळात हरला की समोरच्याला मारतो आणि नंतर स्वतःच घाबरून कोपऱ्यात जाऊन बसतो. मागच्या महिन्यात अंथरुणे उन्हात टाकताना त्याच्या उशीच्या अभ्र्यात चार वाळलेल्या चपात्या सापडल्या. आमच्या घरात खाण्यापिण्याची कसलीही ददात नसताना त्याने असे का करावे, हे मला समजेना. सासूबाईंच्या मते त्याला शिस्त लागलेली नाही आणि दोन रट्टे दिले की तो ताळ्यावर येईल. वर्गशिक्षिका त्याला चंचल म्हणतात. त्यातच नात्यातील एकाने मोबाइलवर एक संदेश पाठवला, त्यात असे लिहिले होते की लहानपणी ज्यांचे हाल होतात त्यांचा मेंदू आकसतो आणि तो पुन्हा कधीच पूर्ववत होत नाही. तो वाचल्यापासून मला झोप नाही. हे खरे आहे का? खरे असेल, तर आठव्या वर्षी आमच्या हातात काही उरले आहे का?

मिरजेतील बालरोगतज्ज्ञ

काकू, आधी त्या संदेशाबद्दल लिहितो. तो संपूर्ण खोटा असता तर एका ओळीत उत्तर देता आले असते, परंतु त्यात अर्धे सत्य आहे आणि अर्ध्या सत्यानेच आपली झोप उडवली आहे.

बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी यांच्या प्रयोगशाळेने २००२ साली उंदरांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. सलग १० दिवस रोज २ तास उंदरांना हालचाल करता येणार नाही असे जखडून ठेवायचे, एवढाच त्यातील ताण होता. त्यानंतर स्मरणाशी संबंधित हिप्पोकॅम्पस या भागातील पेशींच्या फांद्या खुरटल्या. पण भीतीची वर्दी देणाऱ्या अमिग्डाला या भागातील पेशींच्या फांद्या उलट वाढल्या. म्हणजे ताणाखाली सबंध मेंदू आकसतो असे नाही. मेंदू आपले बळ एका कामातून काढून दुसऱ्या कामाला लावतो. याच प्रयोगशाळेने पुढे असेही दाखवले की, २१ दिवस शांततेत ठेवल्यावर हिप्पोकॅम्पसमधील फांद्या पूर्ववत झाल्या, अमिग्डालातील वाढ मात्र तशीच राहिली. चोर केव्हाच निघून गेले तरी राखणदार काही झोपायला तयार नाही, असा हा प्रकार आहे. हे प्रौढ उंदीर होते आणि माणसाच्या मुलावर त्यातील आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत, तथापि आपल्या पुतण्याचे दोन मिनिटांत भडकणे आणि लगेच घाबरून कोपऱ्यात बसणे मला या राखणदाराच्या बाजूने पाहिल्यावर अधिक समजते.

मन आवरण्याचे काम प्रामुख्याने कपाळामागील प्रीफ्रंटल कॉर्टेक्स हा भाग करतो. थांबणे, हातातले सोडून पुढच्याचा विचार करणे, राग गिळणे, सांगितलेले लक्षात ठेवून त्याप्रमाणे वागणे ही सगळी त्याचीच कामे आहेत. मेंदूच्या भागांमध्ये हा सर्वांत सावकाश पिकणारा भाग असून त्याची घडण विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते. घरात रोज भांडण आणि मार असेल तर मुलाच्या रक्तात कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरक वारंवार चढते, आणि ज्या भागाची घडण अजून चालू आहे त्याला त्याचा उपद्रव अधिक होतो. मात्र घडण चालू आहे याचा दुसराही अर्थ आहे, तो म्हणजे आठव्या वर्षी हे काम अजून बरेच बाकी आहे.

मुलांच्या बाबतीत सर्वांत भक्कम पुरावा रुमानियातील आहे. चाउशेस्कूची राजवट १९८९ साली कोसळली तेव्हा तिथल्या अनाथालयांत हजारो मुले अक्षरशः खाटांवर पडून वाढत होती. त्यांना पोटाला मिळत होते, पण कोणी उचलून घेत नव्हते, कोणी बोलत नव्हते. चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या संशोधकांनी बुखारेस्टमधील अशा १३६ बालकांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे निवडून पालक-कुटुंबांकडे सोपवले आणि दोन्ही गटांची वाढ वर्षानुवर्षे तपासली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी, भाषा आणि माणसांशी जडणारे नाते स्पष्टपणे सुधारले, आणि जी मुले वयाच्या साधारण दोन वर्षांच्या आत गेली त्यांना सर्वाधिक लाभ झाला. लक्ष टिकवणे आणि स्वतःला आवरणे या बाबतीत मात्र सुधारणा तुलनेने तोकडी राहिली. हे मी आपल्यापासून लपवणार नाही, कारण उद्या पुतण्या अभ्यासात सुधारला आणि तरीही चिडत राहिला, तर आपण काहीतरी चुकलो असे आपल्याला वाटू नये.

परंतु आपला पुतण्या त्या अनाथालयातील मूल नाही. केटी मॅकलॉघलिन आणि मार्गारेट शेरिडन या संशोधिकांनी २०१४ च्या सुमारास एक उपयुक्त भेद मांडला. मुलाच्या वाट्याला जे येते ते एकतर धोका असते किंवा उणीव असते. मारहाण, आरडाओरडा, भीती हा धोका, तर कोणी न बोलणे, न शिकवणे, जवळ न घेणे ही उणीव. धोक्याने प्रामुख्याने भीतीची यंत्रणा तीक्ष्ण होते, उणिवेने भाषा आणि विचार करण्याची क्षमता मागे पडते. आपल्या वर्णनावरून, आई हयात असेपर्यंत या मुलाशी कोणीतरी मायेने बोलत होते असे वाटते, अन्यथा तो माया लावणारा झाला नसता. त्याच्या वाट्याला धोका अधिक आला आणि आईच्या शेवटच्या काळात थोडी उणीवही आली असावी.

आणखी एक गोष्ट. मिनेसोटा विद्यापीठातील मेगन गनर यांच्या गटाने २०१९ साली असे दाखवले की, लहानपण संस्थांमध्ये काढून नंतर चांगल्या घरी दत्तक गेलेल्या मुलांची कॉर्टिसोलची बिघडलेली यंत्रणा वयात येण्याच्या काळात पुष्कळ अंशी पुन्हा जुळते. वयाच्या दोन वर्षांनंतर सगळी दारे बंद होतात ही समजूत त्यामुळे मागे पडली आहे.

रट्ट्यांविषयी एवढेच सांगतो की, ज्या मुलाच्या मेंदूतील राखणदार आधीच रात्रंदिवस जागा आहे त्याला मारल्यास राखणदार बरोबरच होता, असे मुलाला पटते. सासूबाईंना हे ऐकवणे सोपे नाही याची मला कल्पना आहे.

फडावरची शिक्षिका

वाळवा तालुक्यात कारखान्याच्या हद्दीतील ऊसतोड कामगारांच्या मुलांना मी अनेक हंगाम शिकवले आहे. मेंदूतील मला फारसे कळत नाही, परंतु उशीतल्या चपात्यांबद्दल मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही.

बीडकडून किंवा जतसारख्या दुष्काळी भागातून आलेले मूल फडावर कसे राहते ते पाहावे. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडण्यासाठी आई-बाप दोघे मिळून एक कोयता म्हणून पहाटे चारला बाहेर पडतात. गाडी भरून कारखान्यावर गेली की बाप केव्हा परतेल ते कोणी सांगू शकत नाही. आठवड्याने टोळी कोणत्या गावच्या शिवारात असेल हेही ठरलेले नसते. अशा मुलाला मी सुरुवातीला खाऊचा पुडा देऊन म्हणत असे की, अर्धा आज खा, अर्धा उद्याला ठेव. एकानेही कधी ठेवला नाही, आणि मी घरी येऊन म्हणत असे की या मुलांना संयम म्हणून नाही. नंतर एका मुलीने मला समजावले. ती म्हणाली, "बाई, ठेवला तर दादा खातो, नाहीतर कुत्रं खातं." तिचा हिशेब माझ्यापेक्षा अचूक होता. जिथे उद्याचा भरवसा नाही तिथे आजच खाणे हाच शहाणपणा.

पुढे एका प्रशिक्षणात मला अमेरिकेतील एका प्रयोगाची माहिती मिळाली. मुलासमोर एक मिठाई ठेवायची, थोडा वेळ थांबलास तर दोन देऊ म्हणायचे आणि तो किती थांबतो ते मोजायचे, हा वॉल्टर मिशेल यांचा स्टॅनफर्डमधील प्रयोग पुष्कळांना ठाऊक असतो. सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली त्यात एक साधा बदल केला. तीन ते पाच वर्षांच्या २८ मुलांना आधी रंगकामाचे चांगले साहित्य आणि मग चांगले स्टिकर आणून देण्याचे कबूल केले. निम्म्या मुलांना दोन्ही आणून दिले, उरलेल्यांना मात्र दोन्ही वेळा "नाही मिळाले" असे सांगितले. त्यानंतर मिठाई ठेवली. ज्यांना दिलेला शब्द पाळला होता ती मुले सरासरी १२ मिनिटे थांबली, ज्यांना फसवले होते ती केवळ ३ मिनिटे. एवढा फरक पडायला मोडलेली दोन वचने पुरली. आपल्या पुतण्याने आठ वर्षांत किती मोडलेली वचने पाहिली असतील याचा विचार करावा.

म्हणून मी शब्द देणेच कमी केले. शनिवारी गोष्टीचे पुस्तक देईन म्हटले तर शनिवारी ते दिलेच पाहिजे, आणि देता येईल याची खात्री नसेल तर "बघू" असेही म्हणायचे नाही, कारण मुलाच्या कानाला "बघू" म्हणजे "देणार" असेच ऐकू येते. दोन महिन्यांनी पुष्कळ मुले रांगेत थांबू लागली. मात्र मार्चमध्ये हंगाम संपला की बिऱ्हाड उचलले जाते, आणि जमवलेले सगळे तिथेच राहते. ते मूल पुढच्या वर्षी माझ्याकडे येईलच असे नसते. आपल्याकडील मूल आपल्या घरातून हलणार नाही, ही फार मोठी गोष्ट आहे.

विषय थोडा बाजूला जातो, पण मोठ्यांचेही हेच होते हे आपल्या ऊसकरी भागाला समजायला हरकत नाही. तमिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादकांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. उसाचे पैसे हातात येण्यापूर्वी ओढाताणीच्या दिवसांत जो शेतकरी चाचणीत मागे पडत होता, तोच पैसे आल्यावर अधिक चांगला विचार करत होता.

कराडचा वाचक

वरील उत्तरे चांगली आहेत, परंतु मला एक धोका दिसतो. "सोसलेले मूल" हा शिक्का "वांड मूल" या शिक्क्यापेक्षा सभ्य असला तरी तोही शिक्काच आहे. या विषयावरील बरीचशी चर्चा व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांच्या, १९९८ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या पाहणीतून निघते. त्यांनी अमेरिकेत सॅन डिएगो येथील सतरा हजारांवर प्रौढांना बालपणाविषयी विचारले आणि मार, व्यसनी पालक, घरातील हिंसा इत्यादी प्रकार मोजून प्रत्येकाचा एक आकडा काढला. आकडा जितका मोठा तितके पुढे व्यसन, नैराश्य आणि हृदयरोगही अधिक, असे आढळले. लोकसंख्येच्या पातळीवर ते खरे आहे. परंतु स्वतः अँडा यांनीच २०२० साली लिहिले की, हा आकडा एकेका व्यक्तीचे भवितव्य सांगण्यासाठी वापरणे चूक आहे. मोबाइलवर मात्र त्याच आकड्याच्या प्रश्नावल्या फिरतात आणि लोक आपापल्या मुलांची पत्रिका मांडावी तसे गुण मांडत बसतात.

मिठाईच्या प्रयोगाचेही तसेच आहे. चौथ्या वर्षी थांबणारे मूल पुढे यशस्वी होते असे वर्षानुवर्षे सांगितले गेले, पण २०१८ साली नऊशेहून अधिक मुलांवर तोच विषय पुन्हा तपासला तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात घेताच तो संबंध फारच क्षीण झाला. दुसरीकडे न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांची पाहणी आजवर चालू आहे आणि तिथे लहानपणच्या आत्मसंयमाचा पुढील आरोग्याशी आणि मिळकतीशी संबंध खरोखरच दिसतो. मात्र त्याच पाहणीत असेही दिसले की, ज्यांचा संयम वाढत्या वयात सुधारला त्यांची पुढची स्थितीही अपेक्षेपेक्षा चांगली निघाली.

काकू, शाळेत हा सगळा इतिहास सांगण्यापूर्वी विचार करावा. एका शाळेत माझ्या नात्यातील मुलीच्या बाबतीत तो विश्वासाने सांगितला गेला आणि आठवड्याभरात तो वर्गातील मुलांच्या तोंडी होता.

माणदेशी

माझे वय आता ५२ आहे. बालपण माण तालुक्यात, दुष्काळात आणि दारुड्या बापाच्या धाकात गेले. दहाव्या वर्षी एका नातेवाइकाने मला साताऱ्यात वसतिगृहात आणून सोडले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे स्थापन केलेली रयत शिक्षण संस्था १९२४ साली साताऱ्यात आणली, आणि त्यांच्या त्या कामातून या शहराला खेड्यातली पोरे सांभाळायची सवय लागली, असे मला वाटते. मी ज्या वसतिगृहात होतो तिथे आजच्या मानाने काहीही नव्हते. पण घंटा रोज त्याच वेळी होत असे, भाकरी रोज त्याच वेळी मिळत असे, आणि रात्री एक गृहस्थ कंदील घेऊन सगळी अंथरुणे मोजून जात. त्यांनी मला कधी उपदेश केल्याचे आठवत नाही. पहिले वर्षभर मी त्यांची पावले ऐकेपर्यंत जागा राहत असे, दुसऱ्या वर्षी केव्हातरी त्यांच्या येण्याआधीच झोप लागू लागली.

आजही मी जेवताना घाई करतो, आणि दारावर जोरात थाप पडली की छातीत धडधडते. बायको म्हणते, ताट कोणी पळवत नाही. मुलांवर हात उचलण्याची वेळ माझ्यावरही आली होती, दोनदा मी घराबाहेर निघून गेलो आणि एकदा गेलो नाही.

चपात्या सापडल्या तेव्हा आपण त्याला काही बोललात का?

विट्याची काकू

सर्वांचे मनापासून आभार. माणदेशी दादा, होय, बोलले. "घरात काय कमी आहे का?" असे म्हणाले आणि चपात्या त्याच्यासमोर म्हशीच्या आंबोणात टाकल्या. आता त्याचे वाईट वाटते.

शिक्षिकाताईंचे उत्तर वाचल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. त्याचे वडील महिन्या-दोन महिन्यांनी फोन करतात आणि दरवेळी "येत्या रविवारी येतो" असे सांगतात. त्या रविवारी मुलगा सकाळपासून उंबऱ्यावर बसतो. सोमवारी शाळेतून तक्रार येते. आजपर्यंत हे दोन्ही मी एकत्र ठेवून पाहिलेच नव्हते. पण बापाचा फोन बंद करायचा का? आणि डॉक्टरसाहेब, त्याला कोठे दाखवावे का?

मिरजेतील बालरोगतज्ज्ञ

फोन बंद करू नये, कारण तो तुटला तर मुलाच्या हिशेबात बापही गेला असे होईल. दिरांशी आपण आधी स्वतंत्रपणे बोलावे आणि येण्याची तारीख मुलाला न सांगण्याची अट घालावी. ते दाराशी उभे राहतील तेव्हाच मुलाला कळू द्यावे. फोनचा वार आणि वेळ ठरवता आली तर उत्तम, परंतु त्यांच्या व्यसनाची अवस्था पाहता तेवढे पाळले जाईल असे वाटत नसेल, तर तेही मुलाला सांगू नये.

चपात्यांसाठी त्याच्या हाताला येईल असा एक डबा ठेवावा, त्यात चिक्की किंवा शेंगदाणे-गूळ असावा, तो फक्त त्याचा असावा आणि संपला की न विचारता भरला जावा. सुरुवातीला तो दिवसातून दोनदा रिकामा होईल, त्यावर काही बोलू नये. भडकल्यावर त्या क्षणी समजावण्यात अर्थ नसतो, कारण समजून घेणारा भाग त्या वेळी कामावरच नसतो. जवळ बसावे, आवाज खाली ठेवावा आणि शांत झाल्यावर काय झाले ते त्याच्याकडूनच ऐकावे.

दाखवण्यापूर्वी साध्या गोष्टी तपासून घ्याव्यात. रक्तातील हिमोग्लोबिन, कान, डोळे, जंत आणि रात्रीची झोप. लोह कमी असलेले मूलही चिडचिडे आणि चंचल दिसते, आणि आपल्या भागात ते दुर्मीळ नाही. त्यानंतरही सहा महिन्यांत फरक दिसला नाही, तर बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे, कारण अतिचंचलतेचा विकार आणि भीतीपोटी आलेली अस्वस्थता बाहेरून सारखीच दिसते आणि दोन्हींचे उपचार वेगळे आहेत. फोनवर बोलायचे असल्यास टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही उपलब्ध आहे.

कराडच्या वाचकांचे म्हणणे मला पटते. वर्गशिक्षिकेला संपूर्ण इतिहास सांगण्याची गरज नाही. वेळापत्रक बदलणार असेल तर त्याला आधी सांगावे आणि त्याला वर्गासमोर उभे करू नये, एवढी विनंती पुरेशी आहे. मारण्याचा प्रश्न शाळेत येऊच नये, कारण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने त्यास बंदी आहे.

फडावरची शिक्षिका

काकू, आई नसलेल्या आणि नातेवाइकांकडे वाढणाऱ्या मुलांसाठी राज्य शासनाची बालसंगोपन योजना आहे आणि तिच्यातून दरमहा २,२५० रुपये मिळतात. सांगलीत जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करावी, प्रकरण पुढे बालकल्याण समितीसमोर जाते. जावेच्या मृत्यूचा दाखला परराज्यातील असल्यास तो आधी मिळवून ठेवावा, माझ्या ओळखीच्या एका घराची फाइल तेवढ्यासाठीच चार महिने अडकली होती.

विट्याची काकू

दाखला दिरांकडेच आहे. आज रात्री फोन करते तेव्हा तारखेचे आणि दाखल्याचे दोन्ही बोलून घेते. डबा काल ठेवला. संध्याकाळपर्यंत रिकामा झाला होता, आणि सासूबाईंनीच तो न बोलता पुन्हा भरला.